अर्धसंवाहकातील स्पिन-क्यूबिटचे तत्काल प्रत्याभरण नियंत्रण : एक विवेचन

सारांश :

अर्धसंवाहकात बंदिस्त केलेल्या इलेक्ट्रॉनच्या परिवलनावर, म्हणजेच स्पिनवर, आधारलेला क्यूबिट हा क्वांटम संगणकाच्या उभारणीसाठी निवडलेल्या प्रमुख मार्गांपैकी एक आहे. सभोवतालच्या अणुकेंद्रांच्या व विद्युतप्रभारांच्या चढउतारांमुळे अशा क्यूबिटची वारंवारता सतत बदलत राहते आणि त्यातील माहिती अल्पकाळात नष्ट होते. हे चढउतार थोपविण्याऐवजी ते प्रयोग सुरू असतानाच मोजावेत व त्यांनुसार नियंत्रण बदलावे, ही तत्काल प्रत्याभरणाची कल्पना होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीची पार्श्वभूमी, तिच्यामागील संभाव्यतेचे गणित, २०१० ते २०२४ या काळातील महत्त्वाचे प्रयोग आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : स्पिन-क्यूबिट, क्वांटम डॉट, कलाभंग, प्रत्याभरण, बेझचा सिद्धांत.

१. प्रस्तावना

प्रत्याभरण, ज्याला आपण व्यवहारात फीडबॅक म्हणतो, ही अभियांत्रिकीतील जुनी संकल्पना आहे. जेम्स वॅट याने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गतिनियंत्रक जोडला. इंजिनाची गती वाढली की फिरणारे गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आपोआप काही अंशी बंद होई. या यंत्रणेचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये मांडले. घरातील विजेची इस्त्री, पाण्याच्या टाकीतील तरंगता गोळा किंवा शीतकपाट ही त्याच तत्त्वाची परिचित उदाहरणे होत. मोजणे, तुलना करणे आणि दुरुस्ती करणे, या तीन पायऱ्या सर्वत्र समान असतात.

हेच तत्त्व क्यूबिटला लावू गेल्यास मात्र पहिल्याच पायरीवर अडचण येते. क्वांटम यामिकीनुसार मापन केले की क्यूबिटची मूळ संमिश्र अवस्था टिकत नाही. जे मोजताच बदलते त्याचे मोजमाप घेऊन त्यालाच दुरुस्त कसे करावयाचे, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात सहजच उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना क्वांटम अनिश्चितता आणि आपले साधे अज्ञान यांतील भेद स्पष्ट होतो. हा भेद पदव्युत्तर स्तरावरही अनेकदा धूसरच राहतो. म्हणून या विषयाचे महत्त्व केवळ तंत्रज्ञानापुरते मर्यादित नाही.

प्रस्तुत विवेचनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) स्पिन-क्यूबिटची रचना व त्यातील कलाभंगाचे कारण स्पष्ट करणे.
२) तत्काल प्रत्याभरणाची कार्यपद्धती सोप्या उदाहरणाने समजावून देणे.
३) या क्षेत्रातील निवडक प्रयोगांचा आढावा घेणे.
४) पद्धतीच्या मर्यादा व भारतीय संदर्भ यांचा विचार करणे.

२. स्पिन-क्यूबिटची रचना

इलेक्ट्रॉनला स्वतःचे अंगभूत परिवलन असते, ही कल्पना उलेनबेक व गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकीय क्षेत्रात या परिवलनाच्या दोनच अवस्था संभवतात. त्यांना ‘वर’ आणि ‘खाली’ असे म्हणता येईल. संगणकाच्या भाषेत याच अवस्था ‘०’ आणि ‘१’ ठरतात. डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेन्झो यांनी १९९८ मध्ये क्वांटम डॉटमधील इलेक्ट्रॉनच्या स्पिनचा क्यूबिट म्हणून उपयोग करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी ब्रूस केन यांनी सिलिकॉनमधील फॉस्फरसच्या अणुकेंद्रीय स्पिनवर आधारित संगणकाची कल्पना प्रसिद्ध केली.

क्वांटम डॉट म्हणजे अर्धसंवाहकाच्या पृष्ठभागालगत, सूक्ष्म धातुपट्ट्यांवरील विद्युतदाबाच्या साहाय्याने तयार केलेला नॅनोमीटर मापाचा खळगा होय. विद्युतदाब योग्य रीतीने साधल्यास त्या खळग्यात नेमका एकच इलेक्ट्रॉन ठेवता येतो. औष्णिक ऊर्जेने इलेक्ट्रॉन विचलित होऊ नये यासाठी ही संपूर्ण रचना विशेष प्रशीतकात, बहुधा काही दशांश ते काही शतांश केल्विन तापमानात ठेवली जाते.

स्पिनचे चुंबकत्व इतके क्षीण असते की ते थेट मोजणे दुष्कर ठरते. म्हणून स्पिनची माहिती प्रथम प्रभाराच्या स्थानात रूपांतरित केली जाते आणि शेजारील संवेदक तो प्रभार ओळखतो. एकाच इलेक्ट्रॉनची स्पिन-अवस्था एकाच मापनात वाचण्याचा प्रयोग नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २००४ मध्ये यशस्वी झाला. पुढील वर्षी हार्वर्ड विद्यापीठात पेटा व सहकाऱ्यांनी शेजारच्या दोन डॉटमधील दोन इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा एकच क्यूबिट म्हणून वापर केला. या जोडीच्या दोन अवस्थांना सिंगलेट व ट्रिपलेट अशी नावे आहेत. सिंगलेट अवस्थेत दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच डॉटमध्ये येऊ शकतात. ट्रिपलेट अवस्थेत पाउली यांच्या वर्जन तत्त्वामुळे त्यांना तसे येता येत नाही. प्रभाराच्या स्थानातील या फरकावरूनच क्यूबिटची अवस्था वाचली जाते. पुढील विवेचनात मुख्यतः याच क्यूबिटचा विचार केला आहे.

३. कलाभंगाचे मूळ

आरंभीचे बहुतेक प्रयोग गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकात झाले. या पदार्थातील गॅलियम व आर्सेनिक यांच्या सर्व स्थिर समस्थानिकांच्या अणुकेंद्रांना स्वतःचे स्पिन असते. डॉटमधील इलेक्ट्रॉन एका वेळी सुमारे दहा लाख अणुकेंद्रांना व्यापून राहतो. ही अणुकेंद्रे म्हणजे जणू दहा लाख लहान चुंबकसूच्या. त्यांची दिशा यादृच्छिक असल्याने त्यांचा परिणाम बराचसा परस्परांना रद्द करतो, परंतु पूर्णपणे नाही. उरलेले क्षेत्र काही मिलिटेस्ला इतके असते आणि ते हळूहळू बदलत राहते.

गॅलियम आर्सेनाइडमध्ये १ मिलिटेस्ला क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉनच्या स्पिनची वारंवारता सुमारे ६ मेगाहर्ट्झने बदलते. समजा, अणुकेंद्रीय क्षेत्रामुळे वारंवारतेत २० मेगाहर्ट्झचा अज्ञात फरक पडला. मग १० नॅनोसेकंदांत क्यूबिटची कला एका आवर्तनाच्या पाचव्या भागाने चुकते. १ मायक्रोसेकंदात ती तब्बल २० आवर्तनांनी चुकते. अनेक वेळा केलेल्या प्रयोगांची सरासरी घेतली तर प्रत्येक वेळची चूक निराळी असल्यामुळे दोलने परस्परांत मिसळून नाहीशी होतात. हाच कलाभंग होय. हार्वर्डच्या २००५ च्या प्रयोगात त्याचा काल सुमारे १० नॅनोसेकंद आढळला.

येथे एक बाब काळजीपूर्वक ध्यानात घ्यावयास हवी. अणुकेंद्रे क्यूबिटच्या तुलनेत फार मंद गतीने बदलतात. क्यूबिटचे व्यवहार नॅनोसेकंदांत घडतात, तर अणुकेंद्रीय क्षेत्र लक्षणीय प्रमाणात बदलण्यास मिलिसेकंद ते सेकंद इतका काळ लागतो. म्हणजेच कोणत्याही एका प्रयोगापुरती क्यूबिटची वारंवारता जवळजवळ निश्चितच असते. ती आपणास ठाऊक नसते इतकेच. रोज पाच मिनिटे पुढे जाणारे भिंतीवरचे घड्याळ निरुपयोगी नसते. ते किती पुढे जाते हे माहीत असेल तर त्यावरून गाडीची वेळ अचूक गाठता येते. निरुपयोगी ठरते ते घड्याळ, ज्याची चूक किती हे आपणास कळत नाही. सरासरीत दिसणारा हा कलाभंग पुष्कळ अंशी अशा अज्ञानातून येतो, क्वांटम अनिश्चिततेतून नव्हे. अज्ञान असेल तर ते ज्ञानाने दूर करता येईल, हे तत्काल प्रत्याभरणामागील मूलभूत सूत्र आहे.

४. उपायांचे तीन मार्ग

कलाभंगावर मात करण्याचे तीन मार्ग संशोधकांनी चोखाळले.

पहिला मार्ग प्रतिध्वनीचा. अर्विन हान यांनी १९५० मध्ये शोधलेल्या या तंत्रात मध्यावर एक स्पंद देऊन स्पिन उलटविला जातो. त्यामुळे पूर्वार्धातील कलेची चूक उत्तरार्धात भरून निघते. हार्वर्डच्या प्रयोगात या तंत्राने १० नॅनोसेकंदांचा काल १ मायक्रोसेकंदाच्या पुढे गेला. अनेक स्पंदांची मालिका वापरून २०११ मध्ये तो २०० मायक्रोसेकंदांपलीकडे नेण्यात आला. मात्र प्रतिध्वनी ही प्रामुख्याने साठवणुकीची सोय आहे. क्यूबिटवर नेमकी क्रिया करावयाची असेल तर त्याची त्या क्षणीची वारंवारता जाणणे आवश्यक राहते.

दुसरा मार्ग पदार्थशुद्धीचा. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये स्पिन असलेला समस्थानिक, सिलिकॉन-२९, केवळ ४.७ टक्के असतो. तोही काढून टाकल्यास इलेक्ट्रॉनला जवळजवळ निःशब्द परिसर लाभतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये सिलिकॉन-२९ चे प्रमाण दहा लाखांत ८०० इतके खाली आणलेल्या सिलिकॉनमध्ये १२० मायक्रोसेकंदांचा कलाभंग काल नोंदविला.

तिसरा मार्ग प्रत्याभरणाचा. त्याचे दोन प्रकार संभवतात. एकात क्यूबिटच्या साहाय्याने अणुकेंद्रांनाच वळण लावले जाते. ब्लूम व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याच रीतीने कलाभंग काल ९० नॅनोसेकंदांच्या पुढे नेला. दुसऱ्या प्रकारात अणुकेंद्रांना न छेडता त्यांचे क्षेत्र केवळ जाणून घेतले जाते आणि नियंत्रण त्यानुसार बदलले जाते. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय हा दुसरा प्रकार आहे.

५. तत्काल प्रत्याभरणाची कार्यपद्धती

मापनाने अवस्था नष्ट होते ही अडचण येथे अत्यंत सोप्या युक्तीने दूर होते. ज्या अवस्थेत मौल्यवान माहिती आहे ती मोजलीच जात नाही. प्रथम काही चाचणी-मापने केली जातात. त्यांत क्यूबिट प्रत्येक वेळी नव्याने सिंगलेट अवस्थेत आणला जातो, ठरावीक काळ मोकळा सोडला जातो आणि मग मोजला जातो. त्यातून परिसराची माहिती मिळते. त्यानंतर क्यूबिट पुन्हा नव्याने सज्ज करून प्रत्यक्ष क्रिया केली जाते. नष्ट होतात त्या चाचणीतील अवस्था. परिसराचे क्षेत्र मात्र तेवढ्या काळात जवळजवळ तसेच राहते.

एका मापनात ‘सिंगलेट’ किंवा ‘ट्रिपलेट’ एवढेच उत्तर मिळते. त्यावरून वारंवारता कशी काढावयाची? येथे थॉमस बेझ यांचा, त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेला सिद्धांत उपयोगी पडतो. नवा पुरावा मिळताच प्रत्येक शक्यतेचे वजन त्या प्रमाणात कमीअधिक करावे, असे या सिद्धांताचे सार सांगता येईल.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वारंवारता २०, ३० किंवा ४० मेगाहर्ट्झ यांपैकी एक आहे आणि तिन्ही शक्यता समान, म्हणजे प्रत्येकी एकतृतीयांश आहेत असे मानू. क्यूबिट २५ नॅनोसेकंद मोकळा सोडला. या काळात २० मेगाहर्ट्झला अर्धे आवर्तन, ३० ला पाऊण आणि ४० ला पूर्ण आवर्तन घडते. त्यामुळे सिंगलेट मिळण्याची संभाव्यता अनुक्रमे शून्य, अर्धी आणि एक येते. मापनात सिंगलेट मिळाला असे समजू. मग २० मेगाहर्ट्झची शक्यता बाद होते, ३० ची एकतृतीयांश राहते आणि ४० ची दोनतृतीयांश होते. दुसऱ्यांदाही सिंगलेट मिळाला तर हे प्रमाण एकपंचमांश आणि चारपंचमांश असे होते. केवळ दोन ‘होय-नाही’ उत्तरांतून आपले ज्ञान इतके वाढते.

प्रत्यक्षात शक्यता तीन नसून अनेक असतात आणि मापनातही चुका होतात. म्हणून कोणतीही शक्यता एका उत्तराने पूर्णपणे बाद होत नाही. शिवाय एकच काळ वापरून चालत नाही. २५ नॅनोसेकंदांत ४० मेगाहर्ट्झला एक आणि ८० मेगाहर्ट्झला दोन पूर्ण आवर्तने होतात; त्यामुळे या दोहोंत भेद करता येत नाही. यासाठी लहान काळापासून मोठ्या काळापर्यंत वेगवेगळ्या अंतरांची मापने घेतात. लहान काळ ढोबळ अंदाज देतात, तर मोठे काळ त्या अंदाजाला अचूकता देतात.

हे सर्व गणित परिसर बदलण्यापूर्वी पुरे व्हावयास हवे. मापनाची आकडेवारी साध्या संगणकाकडे पाठवून, नंतर विश्लेषण करून भागत नाही. कारण उत्तर हाती येईपर्यंत ते शिळे झालेले असते. यासाठी एफपीजीए नावाची, हव्या त्या तर्करचनेत बांधता येणारी इलेक्ट्रॉनिक चकती वापरतात. ती प्रत्येक मापनागणिक संभाव्यता सुधारते आणि शेवटी नियंत्रक लहरीची वारंवारता स्वतःच बदलते. ‘तत्काल’ या विशेषणाचा नेमका अर्थ हा आहे.

६. महत्त्वाचे प्रयोग

या पद्धतीचे ठळक प्रात्यक्षिक शुलमन व सहकाऱ्यांनी हार्वर्ड येथे २०१४ मध्ये केले. गॅलियम आर्सेनाइडमधील सिंगलेट-ट्रिपलेट क्यूबिटवर प्रत्येक फेरीत १२० चाचणी-मापने घेऊन त्यांनी दोन डॉटमधील क्षेत्राचा फरक काढला आणि त्यानुसार नियंत्रण जुळविले. कलाभंग काल काही दशक नॅनोसेकंदांवरून २ मायक्रोसेकंदांपलीकडे गेला. पदार्थ तोच, अणुकेंद्रे तीच आणि चढउतारही तेच होते. बदलले होते ते केवळ त्यांविषयीचे आपले ज्ञान. नाकाजिमा व सहकाऱ्यांनी जपानमध्ये २०२० मध्ये हीच दिशा एकाकी इलेक्ट्रॉनच्या स्पिनपर्यंत नेली.

तथापि वारंवारतेचा एकच घटक जाणून काम भागत नाही. सिंगलेट-ट्रिपलेट क्यूबिट दोन अक्षांभोवती फिरतो. एक अक्ष अणुकेंद्रीय क्षेत्रातील फरकाचा, तर दुसरा दोन इलेक्ट्रॉनांमधील विनिमय-ऊर्जेचा. पहिल्यावर अणुकेंद्रांचा गोंगाट परिणाम करतो आणि दुसऱ्यावर प्रामुख्याने विद्युतप्रभारांचा. कोपनहेगन येथील नील्स बोर संस्थेतील बेरिटा व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन्ही राशी तत्काल मोजून दोन्ही अक्षांवर नियंत्रण साधले. त्यात एक अक्ष सर्वस्वी यादृच्छिक चढउतारांनी ठरत होता. ज्या गोंगाटाने क्यूबिट बिघडतो, तोच मोजला गेल्यावर क्यूबिट फिरविण्याचे साधन ठरला, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. त्याच गटाने २०२४ मध्येच आणखी एक सुधारणा मांडली. दोन मापनांच्या दरम्यान क्षेत्र कसे पसरत जाते याचे भौतिकीय समीकरण अंदाजातच समाविष्ट केले. त्यामुळे प्रत्येक फेरीचा आरंभ पूर्ण अज्ञानापासून करावा लागत नाही आणि मापनांची संख्या कमी करता येते.

सिलिकॉनमध्ये अणुकेंद्रांचा त्रास कमी असला तरी प्रत्याभरणाची गरज संपत नाही. जपानमधील योनेदा व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखविले की, शुद्ध सिलिकॉनमधील त्यांच्या क्यूबिटची सुसंगती विद्युतप्रभारांच्या गोंगाटाने मर्यादित झाली होती. एक शत्रू गेला की त्याच्या आड दडलेला दुसरा पुढे येतो. याखेरीज क्यूबिटला आरंभीच्या अवस्थेत आणण्यासाठीही प्रत्याभरण उपयुक्त ठरते. क्यूबिट आपोआप शांत होण्याची वाट न पाहता तो मोजावा आणि नको त्या अवस्थेत आढळल्यास उलटवावा, अशी ही रीत आहे. डेल्फ्ट येथे २०२२ मध्ये सिद्ध झालेल्या सहा क्यूबिटच्या सिलिकॉन प्रक्रियकात मापन व तत्काल प्रत्याभरण यांच्या आधारे आरंभ-अवस्था साधण्यात आली होती.

७. मर्यादा

पद्धतीचे यश मान्य करूनही तिच्या मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

१) वेळेचा खर्च : चाचणी-मापनांत जाणारा काळ प्रत्यक्ष गणनेसाठी उपलब्ध नसतो. मापने वाढविली तर अंदाज अचूक होतो, परंतु तोवर परिसर सरकतो. कमी केली तर अंदाज ढोबळ राहतो. या दोहोंमधील सुवर्णमध्य प्रत्येक उपकरणासाठी निराळा असतो.

२) गतीची मर्यादा : प्रत्याभरणाच्या एका फेरीला लागणाऱ्या काळापेक्षा जलद बदलणारा गोंगाट या पद्धतीने दूर होत नाही. तेथे प्रतिध्वनी किंवा पदार्थशुद्धी यांचाच आधार घ्यावा लागतो.

३) विस्ताराचा प्रश्न : एका क्यूबिटसाठी स्वतंत्र तारा, संवेदक व नियंत्रक देता येतात. लाखो क्यूबिटसाठी ते शक्य नाही. नियंत्रक प्रशीतकातच ठेवावेत तर त्यांची उष्णता ही नवीन समस्या उभी राहते.

४) दोषदुरुस्तीशी संबंध : येथे वर्णिलेले प्रत्याभरण म्हणजे क्वांटम दोषदुरुस्ती नव्हे. दोषदुरुस्तीत एक माहिती अनेक क्यूबिटमध्ये विखरून ठेवतात आणि गणना चालू असतानाच तीतील दोष शोधतात. प्रत्याभरणाने दोषांचे मूळ प्रमाण घटते, त्यामुळे दोषदुरुस्तीवरील भार हलका होतो. एक पद्धत दुसरीची जागा घेत नाही.

८. भारतीय संदर्भ

भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या अभियानासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. अभियानाच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदन व मापन यांचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे. प्रत्याभरणाशी मुंबईचा आणखी एक धागा जोडलेला आहे. अतिसंवाहक क्यूबिटची दोलने प्रत्याभरणाने दीर्घकाळ स्थिर राखण्याचा प्रयोग कॅलिफोर्नियातील बर्कले येथे झाला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख लेखक आर. विजय यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिसंवाहक क्यूबिटची प्रयोगशाळा उभारली. तो क्यूबिट स्पिनचा नसला, तरी मोजून त्याच क्षणी दुरुस्त करण्याचे तत्त्व समान आहे.

ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांत अतिशीत प्रशीतक येणे नजीकच्या काळात संभवत नाही. परंतु या विषयाचा मोठा भाग प्रशीतकाबाहेरचा आहे. संभाव्यतेचे गणित, संकेतप्रक्रिया, एफपीजीएची रचना आणि नियंत्रण सिद्धांत हे सर्व आपल्या गणित, संख्याशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांच्या आवाक्यात आहे. वर दिलेले तीन वारंवारतांचे उदाहरण शंभर वारंवारतांपर्यंत वाढवून साध्या संगणकावर तपासणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक उत्तम प्रकल्प होऊ शकेल. क्वांटम तंत्रज्ञान म्हणजे केवळ मोठ्या संस्थांचा प्रांत, ही समजूत त्यामुळे काही अंशी तरी दूर होईल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) गॅलियम आर्सेनाइडमधील स्पिन-क्यूबिटचा सरासरीत दिसणारा कलाभंग मुख्यत्वे मंद गतीने बदलणाऱ्या परिसराविषयीच्या अज्ञानातून उद्भवतो. तो क्वांटम अनिश्चिततेचा अटळ परिणाम नाही.

२) चाचणी-मापने व प्रत्यक्ष क्रिया वेगळ्या ठेवल्यास, मापनाने अवस्था नष्ट होत असूनही प्रत्याभरण शक्य होते.

३) पदार्थशुद्धी, प्रतिध्वनी आणि प्रत्याभरण हे परस्परपूरक उपाय आहेत. गोंगाटाचा वेग व उगम यांवरून त्यांची निवड ठरते.

४) पद्धतीचे भवितव्य एका क्यूबिटवरील यशावर अवलंबून नाही. अनेक क्यूबिट एकाच वेळी, अल्प वेळेत व अल्प उष्णतेत सांभाळता येतील काय, यावर ते ठरेल.

गोंगाट शांत करणे नेहमीच आपल्या हाती नसते. तो ऐकून त्याप्रमाणे पाऊल टाकणे मात्र पुष्कळदा शक्य असते. स्पिन-क्यूबिटच्या अभ्यासाने ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध केली आहे. अध्यापन करताना विद्यार्थ्यांपुढे क्वांटम यामिकीचे गूढ मांडण्याबरोबरच, त्यातील कोणता भाग खरोखर गूढ आहे आणि कोणता केवळ मोजावयाचा राहून गेला आहे, हेही सांगणे उचित ठरेल.